ताई, वाका!

"आत्या, तुला काही करायचं नाहीये. नुसतं उभं राहायचं," असं भाची म्हणाली आणि तिने ते खरं मानलं.

भाची औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दर गुरुवारी संध्याकाळी डॉजबॉल खेळायची. लीग अगदी हौशी. दिवसभर कुठे ना कुठे राबणारी माणसं शाळेचा व्यायामाचा हॉल भाड्याने घ्यायची, एकमेकांना चेंडूने झोडपायची आणि हसत घरी जायची. पण हौस म्हटली तरी नियम तो नियमच. मैदानात उतरणाऱ्या सहा जणांत दोन तरी बायका हव्यात. संघातल्या एकीचा पाय मुरगळला आणि भाचीला घरचीच आत्या आठवली.

आत्या दातांच्या प्रयोगशाळेत होती. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर मेण चढवून, एकेक दात बसवून, घासूनपुसून ती कवळ्या तयार करायची. वय सत्तेचाळीस. लग्न राहून गेलं होतं, आणि का राहिलं हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. प्रयोगशाळेतल्या पोरांची ती ताई, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची ताई, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांचीही ताईच. आपणही तिला ताईच म्हणू, दुसरा इलाज नाही.

हॉलमध्ये पाऊल टाकताच घामाचा आणि जुन्या रबराचा वास आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा एक माणूस गुडघ्याला पट्टा बांधत बाकावर बसला होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, पण इथे त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने ताईकडे नजर टाकली, तिच्या पायातल्या कामावरच्या सपाट बुटांकडे पाहिलं आणि काही बोलला नाही, ही त्याची पहिली सज्जनकी.

"हे बघा ताई," तो म्हणाला, "खेळ सोपा आहे. मधल्या रेघेवर चेंडू मांडलेले असतात. शिट्टी झाली की दोन्हीकडची माणसं धावत सुटतात आणि हाताला लागेल तो चेंडू उचलतात. तुम्ही धावू नका, मागे भिंतीशी राहा. चेंडू अंगाला लागला की बाद. डोक्याला लागला तर मारणारा बाद. रेघ ओलांडलीत तरी बाद. आणि इथे पंच कोणाकोणाकडे बघणार? लागला की आपणच लागला म्हणायचं आणि आपल्या पायांनी बाहेर जायचं."

"आणि मारायचा कसा?"

"मारून बघा की."

ताईने सगळा जोर लावून चेंडू फेकला. तो कप्तानापर्यंत पोचायच्या आधीच दमून खाली बसला. भाचीने तोंड फिरवून हसून घेतलं.

"मारायचं राहू द्या," कप्तान गंभीरपणे म्हणाला. "झेलून बघा."

त्याने हळू टाकला, तिने झेलला. जोरात टाकला, तोही झेलला. दिवसभर मेणावर दात बसवणारे हात ते, त्यांना थरथर ठाऊक नव्हती. कप्तानाच्या भुवया वर गेल्या.

"झेल म्हणजे काय चीज आहे माहितीये? आपण झेल घेतला की मारणारा बाद, शिवाय बाहेर बसलेलं आपलं एक माणूस परत आत. जो आधी बाद झाला तो आधी येतो. फक्त हात पुढे काढू नका. चेंडू पोटाशी घ्यायचा, मांजर घेतो तसा. हात पुढे केलेत की पळून जातं ते."

पहिला सामना बँकवाल्यांशी होता. शिट्टी झाली, बुटांचे करकर आवाज झाले, चेंडू धपाधप भिंतीवर आपटायला लागले. ताई मागे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मनात एकच विचार, ही उडी आपण कुठल्या विहिरीत मारली! तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

"अगं वाक! वाक ना!"

ताईने वळून पाहिलं. कप्तान बोलत होता, पण ‘अगं’ कोणाला म्हणतोय ते तिला कळेना. तिने भाचीकडे पाहिलं. भाची तर कधीच बाद होऊन बाहेर गेली होती. तोवर चेंडू येऊन ताईच्या कमरेवर फट्‌कन बसला.

"लागला," ताई म्हणाली आणि बाहेर जाऊन रांगेत उभी राहिली.

खेळ संपल्यावर कप्तान पाण्याची बाटली घेऊन आला. "छान खेळलात ताई. बसा, दमला असाल."

बसा. दमला असाल. म्हणजे मघाचं ते ‘अगं’ मैदानातच राहिलं होतं.

त्या संध्याकाळी ताई घरी आली, दिवा लावला, आणि तिला एकदम आई आठवली. आई होती तेव्हा घरात दिवसभर अगं चालायचं. अगं, दार लाव. अगं, ऐकलंस का. अगं, चष्मा कसला शोधतेस, तुझ्या डोक्यावरच आहे. शेवटी शेवटी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तर उठता-बसता हाक यायची, आणि ताई वैतागून म्हणायची, जरा श्वास घेऊ देशील का मला? मग आई गेली आणि भरपूर श्वास घ्यायला मिळाला. भाऊ होता दूरच्या शहरात, पण धाकटा. त्याचं ‘तू’ ताईचा हात धरूनच यायचं. भाची तर मांडीवर चढूनच ‘तू’ म्हणायला शिकली होती. तिचं ‘तू’ काहीतरी मागायचं. बरोबरीने, शेजारी उभं राहून कोणी ‘तू’ म्हणावं, असं माणूस ताईला या वयात कुठून मिळणार होतं? आणि मिळालं ते असं, चेंडू अंगावर येत असताना.

मुरगळलेल्या पायाची मुलगी बरी होऊन परत आली, तरी ताईने खेळ सोडला नाही. नवे बूट घेतले. "आत्याला चटक लागली," असं भाची सगळ्यांना सांगत फिरली. खोटं नव्हतं ते.

ताई खेळ शिकली. चेंडूकडे बघायचं नाही, मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं, हे शिकली. हातात एक चेंडू ढालीसारखा धरून दुसरा अडवायचा, हेही जमलं. आपल्या संघाकडे सगळे चेंडू जमले तर ते धरून बसता येत नाही, लगेच टाकावे लागतात, हे ती आता नव्या लोकांना समजावून सांगू लागली. आणि हे सगळं चालू असताना एका कानाने ती कप्तानाचा आवाज ऐकत असायची. "अगं, डावीकडे सरक!" "सोड तो, सोड, लांबून जातोय!" "वा! काय झेललास गं!" शिट्टी होईपर्यंत हे दान पडत राहायचं. शिट्टी झाली की पुन्हा, "ताई, कॉफी घेता ना?"

कॉफी म्हणजे हॉलच्या दारातल्या यंत्रातलं तपकिरी पाणी. ते सगळे मिळून प्यायचे आणि पांगायचे. भाची तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर जायची. ताईचं घर कप्तानाच्या वाटेवर होतं, म्हणून तो तिला व्हॅनमधून सोडायचा. मागे हत्यारांच्या पेट्या खणखणत असायच्या, पुढे ही दोघं.

"लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आधी ओरडतात," तो एकदा सांगत होता. "मग आम्हाला शिव्या घालतात. मग हळूहळू स्वतःबद्दल बोलायला लागतात. मी बाहेरून नुसता हूं हूं करतो आणि काम करतो. दार उघडलं की मात्र कोणी नजर देत नाही. एवढं सगळं सांगून बसलेले असतात ना!"

"आणि तुम्ही? तुम्ही कोणाला सांगता?"

"माझं काय असणार?" तो म्हणाला. मग एक वळण गेल्यावर म्हणाला, "बायको गेली सोडून, त्याला बरीच वर्षं झाली. भांडण नव्हतं हो. दोघंही फार सभ्य होतो, तेच नडलं. मुलगी आहे, तिचं लग्न झालंय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. हसताना त्याचा वरचा एक पुढचा दात शेजारच्यावर थोडा चढायचा. इतकी वर्षं ताईने लोकांचे दात सरळ रेषेत बसवले होते, पण हा दात कोणी सरळ करायला निघालं असतं तर तिने हात धरला असता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एक कवळी तयार करताना तिने नकळत तोच दात तसाच तिरका बसवला. डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली. "ताई, तुमच्या हातून? तब्येत बरी आहे ना?" ताईने मान खाली घालून मेण पुन्हा गरम केलं.

बोलायचं, असं तिने अनेकदा ठरवलं. "मला ताई म्हणू नका," हे वाक्य ती आरशासमोर म्हणून बघायची. पण मग काय म्हणू, असं त्याने विचारलं तर? त्या प्रश्नापुढे तिची गाडी सरकत नसे.

एका गुरुवारी मात्र धीर झाला. सामना जिंकला होता, व्हॅन सिग्नलला थांबली होती.

"तुम्ही मैदानात मला अगं म्हणता," ताई म्हणाली.

पुढचं वाक्य तयार होतं. आवडतं मला, एवढंच. पण ते म्हणायला तिला उशीर झाला. तोवर कप्तानाचा चेहरा उतरला होता.

"मी? तुम्हाला? अरे बापरे! खेळात तोंडून जातं हो काहीही. पोरांना ओरडायची सवय ना. माफ करा ताई. पुन्हा नाही होणार."

"अहो, तसं नाही..."

"नाही नाही, चूक ती चूक."

सिग्नल सुटला. मागच्याने भोंगा वाजवला. ताई खिडकीबाहेर बघत बसली. कप्तान शब्दाचा पक्का माणूस होता, सगळी पंचाईत तीच होती.

पुढच्या गुरुवारी पहिल्याच डावात तिच्या रोखाने चेंडू सुटला आणि कप्तान ओरडला, "अग... ताई! ताई, वाका!"

एवढा मान देईपर्यंत चेंडू थोडाच थांबणार? तो ताईच्या खांद्यावर बसला. पुढच्या डावात, "ताई, जरा डावीकडे सरकता का," आणि पोटरीवर फटका. संघातल्या पोरांना तर आयतं कोलीत मिळालं. "ताई, कृपया वाकण्याचे करावे!" समोरचे लोकसुद्धा सामील झाले. "ताई, मारतो हं आता, तयार आहात ना?" हॉलभर हशा पिकला. ताईही हसली. हसली नसती तर रडू आलं असतं.

कपडे बदलताना भाची जवळ आली. "आत्या, काय झालंय? कप्तान तुझ्याशी सरकारी पत्रासारखा का बोलतोय?"

"काही नाही. मीच काहीतरी बोलले."

"काय?"

ताई बुटाची नाडी सोडत राहिली. सुटलेली नाडी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. भाची तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या तोंडून एक लांब "ओह" निघालं. एरवी ती या गोष्टीवर आठवडाभर खिदळली असती. आज तिने आत्याची पिशवी उचलली आणि मुकाट्याने बाहेर गेली.

हंगाम संपत आला तेव्हा कप्तानाने कॉफीचा पेला हातात धरून सगळ्यांना सांगितलं, की मुलीला बाळ झालंय, जावई जहाजावर असतो, तिला एकटीला जमत नाही. कंपनीची तिकडच्या शहरात शाखा आहे, त्याने बदली मागितली होती, ती मिळाली. पुढचा सामना शेवटचा.

"आजोबा!" पोरं ओरडली. कोणी त्याच्या पाठीत थापा मारल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. तिच्या टाळ्या सगळ्यांच्या नंतर थांबल्या, एवढंच.

शेवटचा सामना रुग्णालयवाल्यांशी होता. जिंकून फायदा नव्हता आणि हरून तोटा नव्हता, तक्त्यात दोन्ही संघ तळालाच होते. पण लोक जिवावर उदार होऊन खेळले. शेवटच्या डावात कप्तान शिट्टीबरोबर धावला, गुडघ्याने दगा दिला आणि तो सगळ्यांत आधी बाद झाला. मग एकेक करत बाकीचे गेले. भाचीही गेली. बघता बघता मैदानात ताई एकटी उरली. समोर दोघं, एक टक्कल पडलेला भूलतज्ज्ञ, ज्याचा चेंडू दिसायचाच नाही, आणि एक लांब हातांची परिचारिका.

कडेला रांगेत कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. काही ओरडायचं राहिलं नव्हतं. वाका म्हणावं तर उशीर होतो, वाक म्हणावं तर शब्द मोडतो.

टक्कलवाल्याचा खांदा मागे गेला. ताईने तो पाहिला. चेंडू छातीवर आला आणि तिने दोन्ही हातांनी तो पोटाशी दाबून धरला. श्वासच गेला, पण चेंडू सुटला नाही. हॉलमध्ये एकच गलका उठला. भूलतज्ज्ञ बाद! आणि रांगेतला पहिला माणूस परत आत. कप्तान लंगडत, हसत मैदानात आला, आणि आनंदाच्या भरात त्याने समोर पाहिलंच नाही. परिचारिकेच्या हातात चेंडू होता.

"अरे, खाली बस!" ताई किंचाळली. "बस ना रे!"

तो क्षणात बसला. चेंडू त्याच्या डोक्यावरून सणसणत गेला आणि भिंतीवर आदळून त्याच्याच पायांशी परत आला. त्याने तो उचलला, बसल्या बसल्याच मारला. परिचारिकेच्या दंडाला लागला. "लागला," ती म्हणाली आणि स्वतःच टाळ्या वाजवत बाहेर गेली.

मग काय, आरडाओरडा, मिठ्या, फोटो. एवढ्या गर्दीत ताई आणि कप्तान यांच्यामध्ये कोणी ना कोणी येतच राहिलं.

बाहेर आल्यावर भाचीने "मला काम आहे" असं म्हणून सगळ्यांना ओढत नेलं. तिला काहीही काम नव्हतं. व्हॅनमध्ये आज हत्यारांच्या जागी खोकी भरलेली होती. व्हॅन ताईच्या घरापाशी थांबली. ताई उतरली, तसा तोही उतरला.

"आज मला अरे म्हणालात," तो म्हणाला.

"खेळात तोंडून जातं."

"माफी नाही मागितलीत?"

"नाही मागणार."

तो हसला. तिरका दात दिसला. व्हॅनच्या दारावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, जणू दार कसं उघडतं तेच विसरला होता.

"मला आधी कळायला हवं होतं बहुतेक," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही." त्याने मान हलवली. "येतो."

ताईने "या" म्हटलं. ‘ये’ म्हणायचं होतं, पण जीभ जुन्या वळणावर गेली. व्हॅन कोपऱ्यावरून वळली. हंगाम संपला. व्यायामाचा हॉल काही महिने बॅडमिंटनवाल्यांना दिला गेला.

त्याचा फोन आला नाही. संघाच्या ग्रुपवर बाळाचे फोटो यायचे, त्यांवर सगळ्यांसारखं ताईही हसरं तोंड टाकायची. फोटोच्या कडेला कधी त्याचा हात दिसायचा, कधी पट्टा बांधलेला गुडघा. ते फोटो ती मोठे करून बघायची. बाळ त्यात अर्धवटच राहायचं.

नवा हंगाम सुरू झाला. कप्तान म्हणून आता एक तरुण वायरमन आला होता. चांगला होता, जोरात मारायचा, पण मैदानात कोणाशी बोलायचा नाही. ताई मागे भिंतीशी उभी राहायची, झेल घ्यायची. कान मात्र अजून डावीकडेच असायचे.

एका संध्याकाळी ती जेवायला बसली होती, तेव्हा फोन वाजला.

"ताई, मी बोलतोय," तो म्हणाला. "तुम्ही दातांतल्या ना, म्हणून म्हटलं विचारावं. बाळाला दात येतायत. रात्रंदिवस रडतंय. काय करू?"

ताईला हसू आवरेना. "अहो, माझ्याकडे पडलेल्या दातांची माणसं असतात. येणाऱ्या दातांचं मला काय कळणार?"

"हो, ते माझ्याही लक्षात आलं," तो म्हणाला. "पण फोन लावून झाल्यावर."

त्याच्याकडे मागे बाळ कुरकुरत होतं, कोणीतरी नळ बंद केला. फोन करायला त्याला कारण लागलं होतं आणि ते कारण इतकं लंगडं होतं, की ताईच्या मनातलं इतक्या महिन्यांचं काहीतरी सैल झालं.

"जेवलास का?" तिने विचारलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"नाही अजून," तो हळूच म्हणाला. आणि जरा थांबून, "तू?"

ताईने ताटाकडे पाहिलं. अर्धं अंडं होतं, ब्रेडचा एक तुकडा होता. तिने ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग त्याने त्याच्या घरातलं सांगितलं, मुलीचं, नव्या शहरातल्या जुनाट लिफ्टांचं, गुडघ्याचं. ती वायरमनबद्दल बोलली. तो बोलताना मधेच ‘तुम्ही’वर घसरायचा, मग स्वतःच सावरायचा, "म्हणजे तू." परत येणार का, हे तिने विचारलं नाही. त्याने बोलावलंही नाही. बाळ मोठ्याने रडायला लागलं, तेव्हा कुठे त्याने "ठेवू का?" म्हटलं, आणि तिने "ठेव" म्हटलं.

फोन खाली ठेवला आणि घर एकदम फार शांत वाटलं. तो इथे होता, दर गुरुवारी तीन हातांवर उभा होता, तेव्हा त्याची इतकी आठवण कधी आली नव्हती. ताईने गार झालेलं अंडं संपवलं, ताट धुतलं, आणि फोन चार्जिंगला लावून तो झोपायच्या खोलीत उशाशी नेऊन ठेवला.